पॉवर ऑटोमेटचा फ्लो नेमका कुठे अडला? रन हिस्टरी वाचायची कशी आणि जपायची कशी

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमधला फ्लो (आपोआप चालणारी कामांची साखळी) बिघडला की हात आधी ‘एडिट’कडे जातो. तिथे फारसं काही सापडत नाही. फ्लोने काय करायचं ते डिझायनरमध्ये असतं, प्रत्यक्षात त्याने काय केलं ते रन हिस्टरीत, म्हणजे तो चालल्याच्या प्रत्येक खेपेच्या (रनच्या) नोंदीत असतं. आणि ही हिस्टरी 28 दिवसच दिसते. मार्चअखेरीस मंजूर झालेल्या बिलाबद्दल लेखापरीक्षकाने जुलैत विचारलं, तर त्या रनचा मागमूसही उरलेला नसतो. म्हणून कामं दोन: हाताशी असलेली हिस्टरी नीट वाचणं, आणि ती जाण्याआधी हवं तेवढं बाजूला काढून ठेवणं.

उदाहरणाला एकच फ्लो धरू. पुरवठादाराचं बिल मेलवर येतं, जोडलेली फाइल शेअरपॉइंटमध्ये जाते, एक्सेलच्या नोंदवहीत एक ओळ पडते, साहेबांकडे मंजुरीची विनंती जाते आणि मंजुरी मिळाली की लेखा विभागाला मेल जातो. बहुतेक कार्यालयांत पहिला फ्लो असाच काहीतरी असतो आणि बिघडण्याच्या सगळ्या तऱ्हा त्यात सापडतात.

हिस्टरीपर्यंत पोहोचणं

1. मेक डॉट पॉवरऑटोमेट डॉट कॉमवर लॉगिन करा. वर उजवीकडे एन्व्हायर्न्मेंटचं (फ्लो ज्यात ठेवलेले असतात त्या कप्प्याचं) नाव असतं, ते आधी तपासा. ‘फ्लो दिसतच नाही’ अशा तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण निघतं.

2. डावीकडे ‘माय फ्लोज’ उघडा. फ्लो दुसऱ्याने बनवून तुम्हाला दिला असेल तर तो ‘शेअर्ड विथ मी’मध्ये असेल. सोल्यूशनमध्ये (एकत्र हाताळायच्या फ्लोंच्या गठ्ठ्यात) बनवलेला असेल तर ‘सोल्यूशन्स’मधून जा.

3. फ्लोच्या नावावर क्लिक करा, पेन्सिलच्या खुणेवर नाही. उघडलेल्या पानावर 28 दिवसांची रन हिस्टरी दिसते, पण तिथे अलीकडचे मोजकेच रन असतात. सगळे पाहायला ‘ऑल रन्स’वर जा.

4. तिथल्या फिल्टरमधून फेल्ड, सक्सीडेड, रनिंग, कॅन्सल्ड असे वेगवेगळे रन काढता येतात. त्याच यादीत ‘चेक्स’ नावाचा एक पर्यायही असतो. त्याचं काम पुढे येईल.

5. ‘एडिट कॉलम्स’ उघडा. हे बटण बहुतेक जण पाहतच नाहीत. एरवी यादीत सुरू झाल्याची वेळ, लागलेला कालावधी आणि स्थिती एवढंच दिसतं. दोनशे रन एकसारखे दिसत असताना अमुक पुरवठादाराचं बिल कुठल्या रनमध्ये आहे हे कळणार कसं? इथून ट्रिगरने (फ्लो सुरू करणाऱ्या घटनेने) आणलेल्या माहितीतला एखादा रकाना यादीत घेता येतो, आपल्या उदाहरणात मेलचा विषय आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. त्यासाठी बिल क्रमांक मेलच्या विषयातच लिहायची शिस्त पुरवठादारांना लावून घ्यावी. नंतरचा शोध फार सोपा होतो.

हिस्टरी फ्लोचा मालक आणि सहमालक यांनाच दिसते. ज्यांना फक्त ‘रन ओन्ली’ हक्क दिले आहेत त्यांना बटण दाबता येतं, पण नंतर काय झालं ते दिसत नाही. सरसकट सगळ्यांना सहमालक करणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही. सहमालकाला फ्लो बदलता येतो, पुसता येतो, आणि प्रत्येक रनमधल्या रकमा, पत्ते, जोडलेल्या फाइली पाहता येतात. विभागातल्या दोन माणसांकडे हा हक्क असला की पुरे.

एकही रन दिसत नसेल तर

मेल आला, पण हिस्टरीत काहीच नाही. हा बिघाड शोधायला सगळ्यात वेळखाऊ, कारण बोट ठेवायला लाल खूणच नसते. पुढच्या क्रमाने पाहा.

फ्लो चालू आहे ना? ज्याचा ट्रिगर किंवा ॲक्शन (फ्लोमधली एखादी पायरी) सतत 14 दिवस अपयशी ठरते, असा फ्लो पॉवर ऑटोमेट स्वतःहून बंद करतं. मालकाकडे प्रीमियम परवाना नसेल आणि फ्लो 90 दिवस एकदाही चालला नसेल, तरी तो बंद होतो. वर्षातून एकदाच लागणारे फ्लो नेमके यात अडकतात. दोन्ही वेळा मालकाला मेल जातो. मालक नोकरी सोडून गेलेला असेल तर तो मेल कुणीच वाचत नाही.

मग ‘ऑल रन्स’च्या फिल्टरमध्ये ‘चेक्स’ निवडा. बरेच ट्रिगर ठरावीक वेळाने जाऊन ‘नवीन काही आलं का’ असं विचारतात. किती वेळाने, ते परवान्यावर अवलंबून असतं. विचारलं आणि काही मिळालं नाही, तर त्याचा रन होत नाही, नुसती चेकची नोंद होते. मेल आला त्या वेळेच्या आसपास चेक दिसत असतील, तर ट्रिगर जागा आहे, मेल त्याच्या अटीत बसला नाही. चेकच दिसत नसतील, तर कनेक्शन (फ्लोला मेल, शेअरपॉइंट वगैरेंशी जोडणारं लॉगिन) तुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

अटी तीन ठिकाणी दडलेल्या असतात. ट्रिगरच्या मुख्य रकान्यांत (फोल्डर, विषयातला शब्द, जोडफाइल हवीच का), ‘ॲडव्हान्स्ड’ भागात, आणि ट्रिगरच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ट्रिगर कंडिशन्स’मध्ये. तिसरी जागा सहज विसरली जाते. शिवाय आउटलुकच्या एखाद्या नियमाने बिलाचा मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेला असेल, तर इनबॉक्सवर बसवलेला ट्रिगर त्याला पाहणारच नाही. आणखी एक अडथळा आकाराचा: एकूण आकार 50 एमबीपेक्षा किंवा तुमच्या एक्स्चेंज प्रशासकाने घातलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर आउटलुकचा ट्रिगर तो मेल चुपचाप सोडून देतो. यातली जी मर्यादा कमी, ती लागू. रंगीत स्कॅन केलेल्या जाडजूड बिलांच्या बाबतीत हे घडू शकतं.

बंद पडलेला फ्लो पुन्हा चालू करण्याआधी थांबा. ट्रिगर विचारत फिरणाऱ्या प्रकारचा असेल, तर बंद असतानाच्या काळात साचलेल्या सगळ्या गोष्टी तो चालू होताच एकदम उचलतो. तीन आठवड्यांची बिलं एकाच सकाळी साहेबांच्या मंजुरीच्या यादीत येऊन पडतात. ट्रिगर वेबहुक प्रकारचा (समोरची सेवा स्वतःच कळवते असा) असेल तर उलट होतं, मधल्या काळातलं काहीच येत नाही आणि ते हाताने करावं लागतं. जुनं नको असेल, तर पहिल्या प्रकारच्या फ्लोची प्रत काढून ती चालू करावी आणि मूळ फ्लो काढून टाकावा.

लाल रन उघडल्यावर

यादीत वेळेवर क्लिक केलं की त्या रनचं चित्र उघडतं: प्रत्येक ॲक्शनवर हिरवी, लाल किंवा राखाडी खूण आणि लागलेला वेळ. आता नजर लाल खुणेवर जाते, पण सगळ्या लाल खुणा सारख्या नसतात. स्कोप (ॲक्शनचा गट), लूप किंवा कंडिशनच्या आत एखादी ॲक्शन पडली की बाहेरचा डबाही लाल होतो, आणि त्यावर ‘ॲन ॲक्शन फेल्ड, नो डिपेंडंट ॲक्शन्स सक्सीडेड’ असा संदेश येतो. त्या संदेशात कारण नसतं. आत आत जात राहा, जिच्या आत आणखी काही नाही अशी लाल ॲक्शन सापडेपर्यंत.

राखाडी ॲक्शन म्हणजे वगळलेली. तिच्यावर ‘रन आफ्टर’ची (आधीची ॲक्शन कशी संपल्यावर ही चालावी, याची) अट पूर्ण झाली नाही असा संदेश असेल, तर तिचा काही दोष नाही, आधीची ॲक्शन पाहा.

‘अप्लाय टू ईच’ लूप उघडलं की वर ‘40 पैकी 1’ अशा धाटणीचं काहीतरी दिसतं. बाण दाबत चाळीस फेऱ्या पाहत बसू नका. तिथेच ‘नेक्स्ट फेल्ड’ बटण असतं, ते थेट पुढच्या पडलेल्या फेरीवर नेतं.

पडलेली ॲक्शन उघडली की क्रम असा ठेवा: आधी इनपुट, मग आउटपुट, शेवटी त्रुटीचा संदेश. संदेश आधी वाचला की मन त्याच दिशेने धावतं. इनपुटमध्ये बिल क्रमांकाचा रकाना रिकामा दिसला, तर शोध तिथेच संपला. माहिती अर्धवट दिसत असेल तर ‘शो रॉ इनपुट्स’ किंवा ‘शो रॉ आउटपुट्स’ दाबा. मोठी माहिती फाइल म्हणून उतरवावी लागते.

आउटपुटमधला स्टेटस कोड पुढचा रस्ता दाखवतो.

400 म्हणजे पाठवलेली माहिती समोरच्याला समजली नाही. भारतात याचं ठरलेलं कारण म्हणजे तारीख. ‘05/04/2025’ ही 5 एप्रिल आपण सहज लिहितो, पण पॉवर ऑटोमेटचं तारीख बदलणारं फंक्शन ती अमेरिकी पद्धतीने 4 मे अशी वाचतं. महिन्याच्या 12 तारखेपर्यंत फ्लो बिनबोभाट चालतो आणि चुकीच्या तारखा नोंदवतो. 13 तारखेला तेरावा महिना सापडत नाही आणि फ्लो पडतो. ‘दर महिन्याच्या मध्यावर बिघडतो’ अशी तक्रार ऐकली की आधी हेच तपासावं. ‘पार्सडेटटाइम’ फंक्शनला तारखेचा नमुना स्पष्ट सांगणं, किंवा मजकूर तोडून वर्ष-महिना-दिवस असा जुळवणं, हे उपाय. एक्सेलमधली तारीख 45 हजारांच्या घरातला आकडा होऊन आली, तर ती चूक नव्हे. एक्सेल तारखा आतून तशाच ठेवतं. ‘लिस्ट रोज’ ॲक्शनच्या प्रगत पर्यायांत तारखेचं स्वरूप आयएसओ 8601 निवडलं की प्रश्न मिटतो.

401 किंवा 403 म्हणजे ओळख किंवा हक्काचा प्रश्न. संदेशात एएडीएसटीएस (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेचा त्रुटी-क्रमांक) 50173 दिसलं तर पासवर्ड बदलल्यामुळे जुनं कनेक्शन निकामी झालं आहे. एएडीएसटीएस 50076 म्हणजे दोन टप्प्यांची ओळख मागितली जात आहे. एएडीएसटीएस 700082 म्हणजे बराच काळ न वापरल्याने टोकनची (साठवलेल्या लॉगिनची) मुदत संपली. तिन्ही वेळा ‘कनेक्शन्स’मध्ये जाऊन ते कनेक्शन दुरुस्त करायचं. फ्लोला हात लावायची गरज नाही. असा एएडीएसटीएस क्रमांक नसलेला साधा 403 आला तर शेअरपॉइंटवरचे हक्क पाहा.

404 म्हणजे फाइल, फोल्डर किंवा ओळ जागेवर नाही. कुणीतरी फोल्डरचं नाव ‘बिले 2024-25’वरून ‘बिले 2025-26’ केलं की 1 एप्रिलला हाच आकडा भेटीला येतो.

423 किंवा ‘लॉक्ड’ असा शब्द एक्सेलच्या ॲक्शनवर हमखास येतो. कनेक्टरने (फ्लोला एक्सेलशी जोडणाऱ्या भागाने) वापरल्यानंतर फाइल 6 मिनिटांपर्यंत अडकून राहू शकते, आणि कुणी ती संगणकावर उघडून ठेवली असेल तर आणखी. एकाच वहीत अनेक फ्लो लिहीत असतील तर ही अडचण कायमची आहे. खरं सांगायचं तर रोज भर पडणारी नोंदवही एक्सेलमध्ये ठेवूच नये, शेअरपॉइंटची लिस्ट त्यापेक्षा कितीतरी भरवशाची.

429 म्हणजे मागण्या फार झाल्या. शेअरपॉइंटच्या कनेक्टरला एका कनेक्शनवर 60 सेकंदांत 600 मागण्या चालतात, आउटलुकला 300, एक्सेलला 100. त्याशिवाय दिवसाची मर्यादा वेगळी: मायक्रोसॉफ्ट 365 सोबत येणाऱ्या परवान्यावर 24 तासांत 6,000 आणि प्रीमियमवर 40,000. लूपच्या आत तीन ॲक्शन आणि यादीत 800 ओळी असतील, तर एकाच रनमध्ये 2,400 मागण्या झाल्या. लूपची समांतर फेऱ्यांची संख्या कमी करा, आणि आधीच गाळणी लावून ओळी कमी आणा. एरवी 2 सेकंदांत होणाऱ्या ॲक्शनला हिस्टरीत 6 मिनिटं लागलेली दिसली, तर शेवटी हिरवी झाली तरी ती आत अनेकदा पुन्हा प्रयत्न करत होती असं समजा. 429 यायच्या आधीची ही पूर्वसूचना असते.

500, 502, 504 बहुधा तात्पुरते. थोड्या वेळाने पुन्हा चालवून पाहा. फक्त 504 दर वेळी त्याच ॲक्शनवर येत असेल, तर समोरची सेवा 120 सेकंदांत उत्तर देत नाही. ती मर्यादा वाढत नाही, मागणीच लहान करावी लागते.

रन हिरवा, काम चुकीचं

स्थिती ‘सक्सीडेड’ असणं म्हणजे ॲक्शन चुकीशिवाय पार पडल्या, एवढंच. अपेक्षित काम झालं की नाही हे पॉवर ऑटोमेटला कळत नाही.

सगळ्यात जास्त फसवतात त्या न सांगता लागू झालेल्या मर्यादा. एक्सेलची ‘लिस्ट रोज’ ॲक्शन मुळात 256 ओळी आणते, शेअरपॉइंटची ‘गेट आयटम्स’ 100. वर्षाच्या सुरुवातीला 80 बिलं असताना सगळं बरोबर असतं. बिलं वाढली की शंभरच्या पुढची फ्लोला दिसेनाशी होतात, आणि हिस्टरी हिरवीच राहते. संशय आला तर त्या ॲक्शनचं आउटपुट उतरवून ओळी मोजा. बरोबर 100 किंवा बरोबर 256 असा आकडा आला की समजायचं. ॲक्शनच्या सेटिंग्जमध्ये ‘पेजिनेशन’ चालू करून मर्यादा वाढवता येते.

दुसरी गोष्ट वेळेची. फ्लोच्या आत सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपण साडेपाच तास पुढे. हिस्टरीची यादी तुमच्या संगणकाच्या वेळेत दिसते, पण आउटपुटमध्ये शेवटी ‘झेड’ असलेली वेळ दिसली तर ती यूटीसी. पहाटे 5 वाजता चालणारा फ्लो ‘आजची तारीख’ विचारतो तेव्हा यूटीसीत अजून कालची रात्र असते, आणि अहवालावर कालची तारीख पडते. तोच फ्लो सकाळी 6 ला चालवला तर तारीख बरोबर येते. म्हणून वेळ बदलून ‘दुरुस्त’ झालेले फ्लो बरेच दिसतात. ‘कन्व्हर्ट टाइम झोन’ ॲक्शन लावून भारतीय वेळ काढणं हाच पक्का इलाज.

तिसरी गोष्ट कंडिशनची. दोन मजकूर जुळताना मोठी-लहान अक्षरं आणि शेवटची मोकळी जागासुद्धा मोजली जाते. मंजुरीचा निकाल ‘अप्रूव्ह’ असा येतो आणि अटीत ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलेलं असतं. फ्लो दर वेळी ‘नाही’च्या फांदीत जातो, हिरव्या खुणेसह. रन उघडून कंडिशनवर क्लिक करा, ती खरी ठरली की खोटी हे तिथे लिहिलेलं असतं. यादीत नेहमीपेक्षा फारच कमी वेळात संपलेला रन दिसला, तर तोही बहुधा नको त्या फांदीत गेलेला असतो.

पुन्हा चालवण्याआधी

‘रिसबमिट’ केलं की त्या रनच्या ट्रिगरची जुनीच माहिती घेऊन फ्लोची आत्ता जतन केलेली आवृत्ती चालते. म्हणजे दुरुस्ती केल्यावर पडलेली बिलं मेल पुन्हा न मागवता पुढे नेता येतात. पण रन पहिल्या ॲक्शनपासून सुरू होतो, जिथे पडला तिथून नाही. आपल्या उदाहरणात मंजुरीची पायरी पडली असेल, तर फाइल शेअरपॉइंटमध्ये गेलेली आहे आणि एक्सेलमध्ये ओळही पडली आहे. रिसबमिट केलं की दुसरी ओळ पडणार. म्हणून आधी पडलेल्या रनमध्ये कोणत्या ॲक्शन हिरव्या आहेत ते लिहून घ्या आणि त्यांचा परिणाम निस्तरा. कायमचा उपाय असा की ओळ घालण्याआधी त्या बिल क्रमांकाची ओळ आहे का ते शोधायचं, आणि नसेल तरच घालायची.

डिझायनरमधल्या ‘टेस्ट’मध्ये अलीकडच्या रनची माहिती वापरून चाचणी घेता येते. नाव चाचणी असलं तरी मेल खराच जातो आणि मंजुरी खरीच मागितली जाते.

‘रनिंग’ स्थितीत अडकलेल्या रनचा प्रश्न वेगळा. मंजुरीची वाट पाहणारा रन 30 दिवसांनी आपोआप संपतो, आणि साहेब लांबच्या सुट्टीवर असतील तर बिल तसंच लटकतं. मंजुरीच्या ॲक्शनला 10-15 दिवसांची स्वतःची मुदत घालून, ती संपल्यावर स्मरणपत्र किंवा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे विनंती जाईल असं करावं. आणि मिनिटामिनिटाला नवे रन सुरू होताना दिसले, तर फ्लो स्वतःलाच हाक मारतो आहे: ‘आयटम बदलला की’ या ट्रिगरवर चालणारा फ्लो त्याच लिस्टमधला आयटम बदलतो. आधी फ्लो बंद करा, मग रन ‘कॅन्सल’ करा. या क्रमाने केलं नाही तर नवे रन येतच राहतात.

28 दिवसांच्या पलीकडे

सगळ्यात साधी वाट ‘ऑल रन्स’मधलं ‘गेट सीएसव्ही फाइल’. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ही फाइल उतरवून ठेवली तरी कोणत्या दिवशी किती रन झाले, किती पडले हे राहतं. वेळेच्या शेवटी ‘झेड’ असेल तर एक्सेलमध्ये ती आधी तारीख-वेळेत बदला आणि तिच्यात 5.5 भागिले 24 मिळवा, भारतीय वेळ मिळते. हे हाताने करायचं काम आहे आणि तिसऱ्या महिन्यात विसरलं जातं, हे धरूनच चाला.

फ्लो सोल्यूशनमध्ये असेल, तर त्याचे रन डेटाव्हर्समधल्या (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या) ‘फ्लो रन’ नावाच्या टेबलातही नोंदले जातात: सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, कालावधी, स्थिती, त्रुटीचा कोड आणि संदेश. इथेही ठरलेली मुदत 28 दिवसांचीच, सेकंदांत 24,19,200. पण ती प्रशासकाला बदलता येते. 90 दिवस हवे असतील तर आकडा 77,76,000. 0 ठेवला तर नोंदच होत नाही. मुदत नोंद तयार होतानाच तिच्यावर लागते, त्यामुळे ती वाढवायची असेल तर आजच वाढवलेली बरी. या टेबलात प्रत्येक ॲक्शनचं इनपुट-आउटपुट नसतं, आणि नोंदी डेटाव्हर्सची साठवण खातात. सोल्यूशनबाहेर बनवलेले फ्लो इथे येत नाहीत. शंभरावर फ्लो सांभाळणाऱ्या मोठ्या संस्थेने प्रशासन केंद्रातून ॲप्लिकेशन इनसाइट्सकडे (मायक्रोसॉफ्टच्या देखरेख सेवेकडे) माहिती पाठवावी. तिथे ॲक्शनपर्यंतचा तपशील मिळतो, पण त्यासाठी मॅनेज्ड (प्रशासकाने जादा नियंत्रणं चालू केलेलं) एन्व्हायर्न्मेंट लागतं. पाच-दहा फ्लोंसाठी एवढा खटाटोप नको.

या दोन्हींत ‘अमुक बिलाचं काय झालं’ याचं थेट उत्तर नाही. ते फक्त स्वतःच्या नोंदवहीत मिळतं.

स्वतःची नोंदवही बसवणं

शेअरपॉइंटवर एक लिस्ट करा. रकाने एवढे पुरेत: फ्लोचं नाव, रनचा आयडी, बिल क्रमांक, टप्पा, निकाल, त्रुटीचा संदेश (अनेक ओळींचा मजकूर), रनची लिंक. लिस्ट वर्षानुवर्षं चालणार असेल तर बिल क्रमांक आणि निकाल या रकान्यांवर आधीच इंडेक्स लावा. 5,000 ओळी ओलांडल्यावर इंडेक्स नसलेल्या रकान्यावर गाळणी लावली की शेअरपॉइंट नकार देतो.

1. फ्लोमधलं सगळं काम ‘ट्राय’ नावाच्या स्कोपमध्ये हलवा.

2. त्याखाली ‘कॅच’ नावाचा स्कोप घ्या. त्याच्या ‘रन आफ्टर’मध्ये ‘हॅज फेल्ड’, ‘इज स्किप्ड’ आणि ‘हॅज टाइम्ड आउट’ या तिन्हींवर खूण करा आणि ‘इज सक्सेसफुल’वरची काढा. ‘टाइम्ड आउट’ सुटलं तर मंजुरीची मुदत संपल्याची नोंद राहून जाऊ शकते.

3. ‘कॅच’मध्ये पहिली ॲक्शन ‘फिल्टर ॲरे’. तिला ‘रिझल्ट’ फंक्शनने ट्राय स्कोपमधल्या ॲक्शनचा निकाल द्या आणि ज्यांची स्थिती ‘फेल्ड’ किंवा ‘टाइम्डआउट’ आहे त्या निवडा. हे फंक्शन स्कोपच्या पहिल्या थरातल्याच ॲक्शन दाखवतं. लूपच्या आत पडलेली ॲक्शन हवी असेल तर लूपच्या आत आणखी एक स्कोप लागेल.

4. रनचा आयडी ‘वर्कफ्लो’ फंक्शनमधून ‘रन’ आणि त्यातून ‘नेम’ असा मिळतो: अंकांची लांब माळ आणि शेवटी ‘सीयू’सह दोन अंक. लिंक बनवायला या फ्लोचा कोणताही जुना रन ब्राउझरमध्ये उघडा, पत्ता उतरवा आणि त्यातल्या शेवटच्या आयडीच्या जागी हा बदलता आयडी बसवा.

5. लिस्टमध्ये ओळ घाला आणि टीम्सवर किंवा मेलने सूचना पाठवा. सूचनेत बिल क्रमांक आणि लिंक हवीच. ‘फ्लो पडला’ एवढाच मजकूर असलेला मेल दुसऱ्या आठवड्यापासून कुणी उघडत नाही.

6. शेवटी ‘टर्मिनेट’ ॲक्शन, स्थिती ‘फेल्ड’. ही विसरली तर ‘कॅच’ यशस्वी झाल्यामुळे अख्खा रन हिरवा दिसतो आणि हिस्टरी खोटं बोलू लागते. टर्मिनेट लूपच्या आत चालत नाही, ती बाहेरच ठेवा.

7. यशाचीही एक ओळ घाला, ‘ट्राय’च्या शेवटी. अपयशाचीच नोंद ठेवली तर जे बिल आलंच नाही आणि जे सुरळीत गेलं, त्यांत फरक करता येत नाही.

पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक फ्लोमधून जात असतील, तर त्या ॲक्शनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर इनपुट्स’ आणि ‘सिक्युअर आउटपुट्स’ चालू करा. मग हिस्टरीत ती माहिती कुणालाच दिसत नाही, बिघाड शोधणाऱ्या तुम्हालाही नाही. म्हणून सरसकट लावू नका, संवेदनशील तेवढ्याच ॲक्शनवर लावा. आणि त्रुटीचा संदेश लिस्टमध्ये जसाच्या तसा टाकताना त्यात खाते क्रमांक येत नाही ना ते पाहा, नाहीतर एकीकडे कुलूप आणि दुसरीकडे उघडी खिडकी.

रोज सकाळचा पहारा

रोज 9 वाजता चालणारा एक वेगळा फ्लो करा. रिकरन्समध्ये टाइम झोन भारताचा निवडा, एरवी तो दुपारी अडीचला चालेल. या फ्लोने दोन प्रश्न विचारायचे. गेल्या 24 तासांत कोणते रन पडले? हे लिस्टमधून किंवा ‘फ्लो रन’ टेबलातून येतं, गाळणीतली वेळ यूटीसीत द्यायची. दुसरा प्रश्न, जो बहुतेक जण विचारत नाहीत: जे फ्लो काल चालायलाच हवे होते, त्यांपैकी कुणाची एकही नोंद नाही? त्यासाठी एका छोट्या लिस्टमध्ये फ्लोचं नाव आणि ‘किती तासांत निदान एक रन’ असा आकडा ठेवा. बिलांच्या फ्लोला 48 तास ठीक, रविवार आणि सुट्ट्या धरून 72. ज्याची शेवटची नोंद त्याहून जुनी, त्याचं नाव मेलमध्ये.

पडलेले 0, गप्प असलेले 0, असं असलं तरी मेल रोज जाऊ द्या. मेल आला नाही म्हणजे पहारेकरीच झोपला, हे त्यातूनच कळतं. हा फ्लो एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर न ठेवता कार्यालयाच्या सेवा खात्यावर ठेवा, आणि विभागातला दुसरा माणूस सहमालक करा. माणूस बदलून गेला आणि खातं बंद झालं, की त्याच्या कनेक्शनवर चालणारे सगळे फ्लो 401 दाखवू लागतात, आणि त्यात पहाऱ्याचाही असेल तर ते सांगायला कुणी उरत नाही.